विद्यापीठाच्या उंबरठ्यावरील इंग्रजी : निजामी मॅट्रिकपासून आजच्या चाचण्यांपर्यंत

नांदेड असो की लातूर, दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या समाजातील पालकांत एक चर्चा हटकून सुरू होते. मुलगा हुशार आहे, मुलीला गणित-विज्ञानात गुण उत्तम आहेत, पण इंग्रजीचे काय? ज्यांना परदेशातील विद्यापीठात प्रवेश हवा आहे त्यांच्यापुढे तर इंग्रजीच्या स्वतंत्र चाचणीची अटच उभी असते. मग घरात दोन निर्णय घेतले जातात. थोरल्याला दोन महिन्यांच्या क्लासला घालायचे, आणि धाकट्या भावंडांना उर्दू किंवा मराठी शाळेतून काढून दारावर 'इंग्लिश मीडियम' असा फलक असलेल्या एखाद्या शाळेत टाकायचे. हे निर्णय पालक मुलांच्या कळकळीनेच घेतात, यात शंका नाही. पण त्यांच्या मुळाशी असलेली समजूत, म्हणजे ही अट आजकालची आहे आणि मादरी जबानमधून शिकलेल्या मुलाला ती पार करता येत नाही, ही इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

विद्यापीठाच्या दारावर इंग्रजीची परीक्षा बसली ती विद्यापीठांच्या जन्मापासूनच. 1857 साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. प्रवेशासाठी विद्यापीठ स्वतःच एक परीक्षा घेई. तिलाच आपण पुढे मॅट्रिक म्हणू लागलो. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक 1859 साली झाली. ती उत्तीर्ण होणाऱ्या मोजक्या मुलांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. 1862 मध्ये या विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले, तेही अवघे चार. इतिहास, भूगोल, गणित सारेच इंग्रजीतून लिहावयाचे असल्यामुळे एका अर्थाने संपूर्ण परीक्षा इंग्रजीचीच होती.

या काळात मुंबईतील मुस्लिम समाज इंग्रजी शिक्षणापासून बराच दूर होता. त्यातून पुढे आलेले ठळक नाव म्हणजे बॅ. बदरुद्दीन तय्यबजी यांचे. त्यांचे प्रारंभीचे शिक्षण मदरशात उर्दू-फारसीचे झाले, नंतर ते एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि 1860 साली, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास, विलायतेस रवाना झाले. तेथे लंडन विद्यापीठाची मॅट्रिक द्यावी लागली. इंग्रजीबरोबर लॅटिन व फ्रेंचचाही अभ्यास करावा लागला. डोळ्यांच्या दुखण्यामुळे मध्येच शिक्षण थांबले, परत यावे लागले. तरी पुन्हा जाऊन 1867 मध्ये ते बॅरिस्टर झाले. पुढे ते 1887 च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष आणि 1895 मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, हे सर्वश्रुत आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. 1874 साली त्यांनी सहकाऱ्यांसह मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली आणि 1880 मध्ये तिची शाळा सुरू झाली, तेव्हा त्या शाळेत इंग्रजीला जागा होती आणि उर्दूलाही. ज्या माणसाने लंडनचा उंबरठा स्वतः ओलांडला होता, त्याला मुलांची मादरी जबान सोडवणे आवश्यक वाटले नाही.

आता आपल्या मुलखाकडे वळू. नांदेड त्या वेळी हैदराबाद संस्थानातील एक जिल्हा होता आणि लातूर हे उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातील एक व्यापारी गाव. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तर बिदर जिल्ह्यात होते. ते 1956 मध्ये आपल्याकडे आले. संस्थानात दरबाराची भाषा फारसी होती, ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काळात उर्दू झाली. मात्र उच्च शिक्षणाची किल्ली निराळ्याच ठिकाणी होती. 1887 साली हैदराबादेत निजाम कॉलेज उभे राहिले ते मद्रास विद्यापीठाशी संलग्न होऊन, आणि 1947 पर्यंत ते तसेच राहिले. म्हणजे राज्य निजामाचे, कचेरीची भाषा उर्दू, घरची भाषा मराठी, दखनी, तेलुगू किंवा कन्नड, आणि प्रश्नपत्रिका मद्रासहून आलेली इंग्रजी! हैदराबादच्या सरोजिनी चट्टोपाध्याय, म्हणजेच पुढच्या सरोजिनी नायडू, बाराव्या वर्षी मद्रासची मॅट्रिक उत्तीर्ण झाल्या आणि पुढे निजाम सरकारच्या शिष्यवृत्तीवर 1895 मध्ये इंग्लंडला गेल्या. परंतु त्यांचे वडील डॉ. अघोरनाथ स्वतः विलायतेत शिकून आलेले, निजाम कॉलेजच्या पायाभरणीतले गृहस्थ. ज्या घरात इंग्रजीचे पुस्तक नव्हते, त्या घरच्या मुलाला मद्रासची परीक्षा म्हणजे डोंगरच होता. 1900 साली गोदावरी खोऱ्यातील रेल्वे मनमाडपर्यंत पोहोचली आणि नांदेडहून हैदराबाद जवळ आले खरे, पण त्यामुळे परीक्षा सोपी झाली नाही.

या परिस्थितीला मुळापासून हात घातला तो उस्मानिया विद्यापीठाने. 1917 साली सर अकबर हैदरी यांनी निजामांना एक अर्ज सादर केला. परक्या भाषेत शिकताना मुलाची निम्मी ताकद शब्द पाठ करण्यात जाते आणि विषय डोक्यात शिरत नाही, असा त्याचा आशय होता. मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढले आणि 1918 मध्ये विद्यापीठाची स्थापना झाली. 1919 मध्ये वर्ग सुरू झाले. इतिहास, तत्त्वज्ञान, गणित, विज्ञान, पुढे वैद्यक आणि अभियांत्रिकीदेखील उर्दूतून! पुस्तके हवीत म्हणून 1917 मध्येच दारुल तर्जुमा, म्हणजे भाषांतर विभाग, उघडला होता. त्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक साहेब.

उस्मानियाचे नाव निघाले की आपले वडीलधारे अभिमानाने सांगतात की तेथे सर्व शिक्षण उर्दूतून होते. ते खरेच आहे. पण त्याच फर्मानातील दुसरी अट फारशी कोणी सांगत नाही. विषय उर्दूतून शिकवले जातील, मात्र इंग्रजी ही भाषा म्हणून प्रत्येक विद्यार्थ्यास सक्तीची राहील, असे तेथे स्पष्टपणे ठरविले होते. इंग्रजी वगळून उस्मानियाची पदवी मिळत नसे. मद्रासच्या पद्धतीत इंग्रजी हे दार होते, भिंती होत्या आणि छतही तेच होते. उस्मानियाने भिंती उर्दूच्या बांधल्या आणि दारात इंग्रजी ठेवले. प्रस्तुत लेखकाच्या मते हिंदुस्थानातील शिक्षणाच्या इतिहासात याहून विचारपूर्वक केलेली मांडणी क्वचितच सापडेल.

मौलवी अब्दुल हक साहेबांचेच उदाहरण घ्या. 'बाबा-ए-उर्दू' म्हणून ज्यांना जग ओळखते त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) गेली. शिक्षण खात्यातील अधिकारी म्हणून ते येथे होते, नंतर येथील इंटरमिजिएट कॉलेजचे प्राचार्य झाले. 1912 पासून अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम त्यांच्याकडे आले आणि तिचे दफ्तरही औरंगाबादेतच आणले गेले. उर्दूसाठी असे आयुष्य वेचणाऱ्या या माणसाच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षे जे सर्वांत मोठे काम चालले ते कोणते? एक इंग्रजी-उर्दू शब्दकोश! 1937 मध्ये तो प्रसिद्ध झाला. उर्दूच्या सर्वांत मोठ्या सेवकाला इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ मुलाच्या हाती देण्यासाठी इतकी वर्षे खपावेसे वाटले.

या मांडणीची फळेही दिसली. रझिउद्दीन सिद्दिकी हे उस्मानियात उर्दूतून गणित शिकले, तेथून केंब्रिजला गेले, आणि पुढे जर्मनीत लाइपझिग येथे हायझेनबर्गसारख्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह हेही उस्मानियाचेच. त्यांनी जर्मनीत बॉन येथून आणि नंतर पॅरिसच्या सोरबोन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळविली, इंग्रजीत ग्रंथ लिहिले आणि 1959 मध्ये कुरआन शरीफचा फ्रेंच अनुवाद प्रसिद्ध केला. उर्दूतून शिकल्यामुळे यांची वाट अडली नाही. अर्थात ही असामान्य माणसे होती, हे मान्यच आहे.

न्यायाने एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. उर्दूतून शिक्षण ही आपल्या घरांतील मुलांसाठी सोय होती, पण नांदेड-लातूरकडच्या मराठी घरातील मुलाला ती सोय नव्हती. प्राथमिक इयत्ता मराठीत काढून त्याला माध्यमिक शाळेत उर्दूतून इतिहास-भूगोल शिकावा लागे आणि वर पुन्हा इंग्रजी होतेच. दोन परक्या भाषांचे ओझे त्याने वाहिले. हैदरी साहेबांनी मांडलेले तत्त्व मराठी मुलालाही लागू करायला हवे होते. ते झाले नाही. 1938 मध्ये औरंगाबादच्या कॉलेज वसतिगृहातून 'वंदे मातरम्' चळवळ सुरू झाली आणि संस्थानभरातील शेकडो विद्यार्थ्यांना कॉलेजांतून काढून टाकण्यात आले, तेव्हा त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. वरंगळकडील पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच एक. उर्दूच्या वर्गातून उठून ही मुले इंग्रजीच्या वर्गात जाऊन बसली. उस्मानियाने इंग्रजी सक्तीची ठेवली नसती तर हे पाऊल त्यांना किती जड गेले असते, याचा विचार करावा.

सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. त्यानंतर उस्मानियाचे माध्यम उर्दूऐवजी इंग्रजी झाले. 1950 मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, औरंगाबादेत डॉ. आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालय सुरू केले. आरंभी दोन्ही उस्मानियाशीच संलग्न होती. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, 23 ऑगस्ट 1958 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य आले. ही सर्व वर्षे प्रगतीची म्हणून इतिहासात नोंदली जातात, आणि ती तशी होतीच. नांदेडच्या मुलाला कॉलेजसाठी हैदराबाद गाठावे लागत नव्हते, ही केवढी मोठी गोष्ट! परंतु आपल्या घरांतून पाहिले तर चित्र निराळे दिसते. ज्या मुलाने उर्दूतून मॅट्रिकची तयारी केली, त्याच्यापुढे कॉलेजात प्राध्यापक इंग्रजीत बोलू लागले. आणि कचेरीत नोकरी मागायला जावे तो दहा-बारा वर्षांत तेथे मराठी आलेली. ज्या परीक्षेची तयारी केली तीच परीक्षा उरली नाही. त्या पिढीतील कितीतरी हुशार माणसे दुकानात, गॅरेजमध्ये, बिडीच्या कारखान्यात दिसत, आणि त्यांचे उर्दू ऐकून समोरचा थक्क होई. त्यांची बुद्धी कमी पडली नव्हती. कुलूप बदलले गेले होते आणि त्यांच्या हाती जुनी किल्ली राहिली होती.

पुढच्या काळाचा वेगाने आढावा घेतला तरी चालेल. 1961 मध्ये लातूरला दयानंद महाविद्यालय व 1970 मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय निघाले. 1982 मध्ये लातूर जिल्हा झाला. 17 सप्टेंबर 1994 रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. शाळांत इंग्रजी पाचवीपासून होती, ती 2000 साली राज्य शासनाने सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून आणली. म्हणजे उर्दू शाळेतील मूलही आज बारावीपर्यंत बारा वर्षे इंग्रजी शिकते. तरीही त्याला चार वाक्ये बोलता येत नाहीत, ही पालकांची तक्रार खोटी नाही. तिचे कारण मात्र माध्यमात शोधू नये. ते परीक्षेच्या स्वरूपात आहे.

मद्रासची असो, उस्मानियाची असो की पुण्याच्या बोर्डाची, आपली इंग्रजीची परीक्षा मुख्यतः डोळ्यांची आणि लेखणीची राहिली. उतारा वाचा, उत्तरे लिहा, व्याकरण सोडवा, निबंध लिहा, भाषांतर करा. विलायतेत याच काळात वेगळा विचार चालू होता. 1913 साली केंब्रिज विद्यापीठाने परकीयांसाठी इंग्रजी प्रावीण्याची पहिली परीक्षा घेतली. सुमारे बारा तासांची ही परीक्षा! भाषांतर, निबंध, साहित्य यांबरोबर तीत उच्चारशास्त्राची प्रश्नपत्रिका होती, श्रुतलेखन होते, मोठ्याने वाचन व संभाषणही होते. पहिल्या वर्षी तिला तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले. (आपल्या मुलांनी हे लक्षात ठेवावे, पहिल्या प्रयत्नात नापास होणे ही काही केवळ मराठवाड्याची मक्तेदारी नाही.) 1964 मध्ये अमेरिकन विद्यापीठांसाठी टोफेल ही चाचणी सुरू झाली. तीत ऐकण्याचा भाग होता, पण सर्व उमेदवारांना सक्तीने बोलावयास लावणारा भाग 2005 मध्ये इंटरनेटवरील टोफेलबरोबर आला. 1989 मध्ये आय.ई.एल.टी.एस. सुरू झाली, तिच्यात मात्र समोरासमोर बोलण्याची परीक्षा प्रथमपासून आहे.

या शेवटच्या चाचणीचे स्वरूप पालकांनी नीट समजून घ्यावे. चार भाग असतात. ऐकण्यासाठी सुमारे अर्धा तास, चाळीस प्रश्न, आणि ध्वनिफीत एकदाच वाजते, पुन्हा नाही. वाचनास एक तास, त्यातही चाळीस प्रश्न. लेखनास एक तास; विद्यापीठ प्रवेशाच्या प्रकारात दीडशे शब्दांत एखाद्या आलेखाचे किंवा तक्त्याचे वर्णन आणि अडीचशे शब्दांचा निबंध. बोलण्यास अकरा ते चौदा मिनिटे; त्यात एक विषय देऊन विचाराला एक मिनिट मिळते व नंतर एक-दोन मिनिटे सलग बोलायचे असते. गुण शून्य ते नऊ अशा श्रेणीत मिळतात आणि पुष्कळ विद्यापीठे सहा ते सात यांच्या दरम्यानची श्रेणी मागतात. येथे उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा प्रकार नाही. गाइड पाठ करून काही साधत नाही, कारण पाठ केलेले उत्तर परीक्षक लगेच ओळखतो.

म्हणजे कुलूप पुन्हा एकदा बदलले आहे. निम्मी परीक्षा कानाची आणि जिभेची झाली, आणि आपली शाळा अजून डोळ्यांची व लेखणीचीच तयारी करून घेते. इंग्रजी माध्यमाचा फलक लावलेल्या कितीतरी शाळांतही मूल फळ्यावरचे वहीत उतरवून घेते, तोंड उघडत नाही. अशा शाळेत टाकल्याने कान-जिभेची तयारी होते हा भ्रम आहे. आणि विषय कच्चे राहतात ते वेगळेच.

नवल असे की कान आणि जीभ तयार करण्याची पद्धत आपल्या घरांना नवी नाही. मकतबमध्ये मूल कायदा घेऊन बसते तेव्हा उस्ताद प्रथम अर्थ सांगत नाहीत. ते अक्षर उच्चारतात, मूल ऐकते, मग मोठ्याने म्हणते. मखरज चुकला तर उस्ताद तेथेच थांबवतात, पुन्हा म्हणवून घेतात. रोज नवा सबक आणि त्याबरोबर जुना आमोख्ता ऐकवल्याशिवाय सुटका नाही. हाफिज होणारी मुले एकमेकांस समोरासमोर बसून दौर करतात. परक्या भाषेचा ध्वनी अचूक पकडण्याची ही शेकडो वर्षांची कसलेली रीत आहे, आणि हेच मूल शाळेत इंग्रजीच्या तासाला मुके बसते! धार्मिक तालीम आणि शाळेची इंग्रजी यांचा दर्जा एक आहे असे येथे म्हणावयाचे नाही. शिकण्याच्या पद्धतीपुरतेच हे बोलणे आहे. दररोज इंग्रजीचे एक पान मोठ्याने वाचणे, बातमीपत्र ऐकून त्यातील चार वाक्ये लिहून काढणे आणि आदल्या दिवशीची चार वाक्ये भावंडाला ऐकवणे, यासाठी कोणत्याही क्लासची फी लागत नाही. शिवाय उर्दू बोलणाऱ्या मुलाच्या जिभेवर 'झेड' आणि 'एफ' यांचे उच्चार आधीच बसलेले असतात. 'जहाज' आणि 'जमीन' यांतला फरक तो न शिकवता करतो. आपली दखनी जबान 'क़लम'चे 'ख़लम' करते ते सोडा, इंग्रजीला त्याची बाधा नाही.

भाषांतराची जुनी सवयही टाकाऊ झालेली नाही. उस्मानियाच्या विद्यार्थ्याला उर्दूतील विचार इंग्रजीत आणि इंग्रजीतील उर्दूत नेण्याचा जो सराव असे, तो अडीचशे शब्दांच्या निबंधाला आजही उपयोगी आहे. ज्याला आपल्या भाषेत मुद्दा मांडता येतो, त्याला परक्या भाषेत शब्द शोधावे लागतात. ज्याला मुद्दाच मांडता येत नाही, त्याला दोन्ही शोधावे लागतात.

लातूरबद्दल एक वेगळी गोष्ट बोलणे भाग आहे. वैद्यकीय प्रवेशासाठी लातूरचे नाव महाराष्ट्रात झाले, त्यामागे शिक्षकांची आणि विद्यार्थ्यांची प्रचंड मेहनत आहे. नीटची प्रश्नपत्रिका 2017 पासून मराठीत आणि 2018 पासून उर्दूतही मिळू लागली, हेही चांगलेच झाले. पण या धावपळीत बारावीची इंग्रजी ही केवळ उत्तीर्ण होण्यापुरती उरली आहे. भौतिक, रसायन, जीवशास्त्र यांची सराव परीक्षा आठवड्याला आणि इंग्रजीची तयारी परीक्षेच्या आदल्या महिन्यात. असा विद्यार्थी मेडिकल कॉलेजात पोहोचतो तेव्हा समोरचा जाड ग्रंथ इंग्रजीत असतो, आणि तेथे 1950 च्या सुमारास नांदेडच्या मुलाची जी अवस्था झाली तीच त्याची होते. प्रश्नपत्रिका उर्दूत मिळणे ही हैदरी साहेबांच्या मांडणीची पहिली बाजू झाली. दुसरी बाजू, इंग्रजी ही भाषा म्हणून पक्की करणे, शाळेने आणि घराने मिळून उचलावयाची आहे.

ज्यांचा परदेशी प्रवेशाचा इरादा पक्का आहे त्यांनी काळाचा हिशेब असा ठेवावा. चाचणीचा निकाल साधारणपणे दोन वर्षे ग्राह्य धरला जातो, म्हणून पदवीच्या पहिल्या वर्षी ती देऊन ठेवण्यात अर्थ नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या आरंभी द्यावी, म्हणजे श्रेणी कमी आली तरी दुसऱ्यांदा बसण्यास अवधी राहतो. कान आणि जिभेचा सराव मात्र आठवी-नववीपासून चालू असावा. अर्ज भरताना पासपोर्टवर आहे तेच नाव, त्याच स्पेलिंगने लिहावे; आपल्याकडे शेख, सय्यद, मोहम्मद यांची स्पेलिंगे शाळेच्या दाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरी अशी असतात, ती वर्षभर आधीच दुरुस्त करून घ्यावीत. परीक्षेसाठी हैदराबाद, पुणे अशा मोठ्या शहरी जावे लागेल, तेव्हा आदल्या दिवशीच पोहोचावे. नांदेडहून हैदराबादची गाडी आजही त्याच गोदावरी खोऱ्याच्या मार्गाने जाते.